निळ्या मातीला ऊन

वाटणीच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता लिटमस शेताच्या खालच्या पट्टीत मांडीइतक्या खोल खड्ड्यात उभी होती, आणि तिचे थोरले बंधू बांधावर उभे राहून खड्डा कसा खणायचा हे तिला सांगत होते. बंधू तेवीस वर्षं हेडमास्तर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेली नव्हती.

"कडा सरळ ठेव," ते म्हणाले.

लिटमसने कडा सरळ ठेवल्या. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला खड्ड्याच्या कडा सरळ ठेवायला कोणी सांगावं लागत नाही. पण भावाच्या लेखी ती अजून तीच होती, शाळेतून निळ्या कागदाच्या पट्ट्या खिशातून घरी आणणारी आणि दूध, ताक, साबणाचं पाणी, आजीचा काढा असं दिसेल त्यात बुडवून बघणारी. 'लिटमस' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. ती आता पंचावन्न वर्षांची होती आणि घरात तिचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं.

खड्ड्याची भिंत पाठ केलेल्या धड्यासारखी उलगडत गेली. वरचा वीतभर थर काळाभोर आणि स्पंजासारखा, दाबला की पाणी सोडणारा. त्याखाली राखाडी माती, आणि जुन्या मुळांच्या वाटा होत्या तिथेतिथे गंजाच्या रेघा, जणू कोणी लाल पेन्सिलीने वही तपासली आहे. आणखी खाली वाळल्या गवताच्या रंगाचे पिवळे ठिपके. आणि अगदी तळाशी निळसर, लोण्यासारखी मऊ माती. तिला नासक्या अंड्याचा वास होता. खड्डा खणून पाव तासही झाला नव्हता आणि घोट्यापर्यंत पाणी चढलं होतं. जमीन सपाट, समुद्र जवळ आणि उतार इतका बेताचा की पाण्याला कुठे जायचं हे ठरवायलाच आठवडा लागायचा.

तिने राखाडी माती बाटलीत घातली, शुद्ध पाणी ओतलं, हलवली, निवळू दिली आणि कागदाची पट्टी बुडवली.

"किती?" हेडमास्तरांनी विचारलं.

"सव्वाचार."

"कितीपैकी?"

"चौदापैकी. सातच्या आसपास असलं की बरं."

"म्हणजे नापास."

"नापास," लिटमस म्हणाली. त्या दिवशी भावाबहिणीचं एकमत झालं ते एवढंच.

थोडं पलीकडे, चराच्या पाण्यात, धाकटा भाऊ उभा होता. त्याला घरात बगळा म्हणत. लहानपणापासून एका पायावर भार टाकून पाण्यात उभं राहायची सवय, आणि तीस वर्षं खालच्या पट्टीत भाताची लावणी करून ते नाव त्याने सार्थ केलं होतं. त्याच्या पायांची नखं गंजाच्या रंगाची झाली होती. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगा वर्षाचे आठ महिने उघड्या असत. त्याच्या घरी पांढरे कपडे धुतले की चहात बुडवल्यासारखे होत, फावडं दोन वर्षांत चाळणी होई आणि त्याचं पीक दर हंगामात वीतभर उंच झालं की काही तरी आठवल्यासारखं थांबून राही. दर वर्षी तो चुना टाकी. दर वर्षी जमीन तो चुना खाऊन ढेकरही देत नसे.

लिटमसला आज एकच गोष्ट करायची होती. या माणसाला त्या पाण्यातून बाहेर काढायचं होतं.

त्यासाठी तिने बेत केला होता, आणि बेत आप्पांच्याच नियमावर उभा होता. आप्पा, म्हणजे तिघांचे वडील, जाऊन वर्ष झालं होतं, पण त्यांचे नियम घरात धडधाकट होते. या घरात काहीही वाटायचं झालं, मग ते कलिंगड असो की कापडाचा तागा, की वाटे एकाने करायचे आणि उचलायला सुरुवात धाकट्यापासून. वाटे करणाऱ्याने शेवटी उरेल ते घ्यायचं. त्यामुळे वाटे करणारा मापात राहतो, असं आप्पांचं म्हणणं. जमिनीचे वाटे कोणी करायचे हा प्रश्न निघाला तेव्हा लिटमस आपणहून म्हणाली, मी करते. मातीतलं कळतं म्हणून सगळे हो म्हणाले. तिने कागदावर तीन सारखे तुकडे पाडले. एक वरची पट्टी: रेताड, पाणी न धरणारी, गोड्या पाण्याची विहीर, रस्ता आणि ज्यात आई आणि बगळ्याचा संसार राहत होता ते घर. दुसरी खालची आतली. तिसरी खालची तोंडाकडची, जिथे चर मोठ्या नाल्याला मिळतो. बगळा पहिला उचलणार. डोकं ठिकाणावर असलेला कोणीही वरची उचलेल. मग हेडमास्तर एक खालची घेतील, त्यांना शहरात तीन खोल्यांचा फ्लॅट आहे, जमीन कशी दिसते हेही ते विसरतील. उरलेली खालची तिची. ती तिथे काही करणार नव्हती. फक्त फळी घालणार होती.

फळी हीसुद्धा आप्पांचीच. पाऊस ओसरला की ते चराच्या तोंडाशी एक जाड फळी ठोकून पाणी अडवत, आणि पुढच्या पावसापर्यंत खालची पट्टी ओली राखत. निळ्या मातीला ऊन दाखवायचं नाही, एवढंच सांगत. का, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. कारण लिटमसला माहीत होतं: त्या मातीत गंधक आहे. पाण्याखाली आहे तोवर ते झोपलेलं असतं. हवा लागली की त्याचं तेच होतं जे गाडीच्या बॅटरीत असतं. मग सव्वाचारचे तीन होतात, आणि तिथे गवतही उगवायचं सोडून देतं. शेजारच्या गावकऱ्यांनी एका साली हौसेने खोल चर मारले होते; त्यांची जमीन अकरा वर्षं टकलासारखी पडून होती.

हे सगळं तिने बांधावर उभ्या असलेल्या मंडळींना शांतपणे सांगितलं. निळी माती हातात घेऊन दाखवली, कागदाची पट्टी दाखवली, बगळ्याचे पायही दाखवले असते, पण त्याने ते पाण्यात ठेवले होते. खालच्या पट्टीत दम नाही, ती म्हणाली. वरून काळी दिसते म्हणून कोणी भुलू नका. तो काळेपणा सुपीकपणाचा नाही, कुजायलाही हवा न मिळालेल्या गवताचा आहे.

इथे तिची चूक झाली. चूक मातीत नव्हती, घरात होती.

कारण या घरात जी वस्तू हवी तिला नावं ठेवायची असतात. हे आप्पांनी कोणाला शिकवलं नव्हतं. पोरांनी ते दुधाबरोबर घेतलं होतं. आप्पा बैल बघायला गेले की डोळे पिवळे, चाल वाकडी, वय चोरलेलं, असं अर्धा तास म्हणत आणि संध्याकाळी तोच बैल घेऊन येत. आईला बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांसमोर म्हणाले, मुलगी जरा बारीकच आहे. आई ते वाक्य चौसष्ट वर्षं जपून होती. तिच्या मते तिचं एवढं कौतुक पुढे कोणी केलं नाही. आणि जे खपवायचं असेल त्याची आप्पा तोंड भरून स्तुती करत. हेडमास्तर लहानपणी ज्या सायकलला भंगार म्हणाले ती त्यांना मिळाली होती. लिटमस मात्र, मला ती निळी हवी, ती छान आहे, असं सरळ म्हणायची. तिला आयुष्यात एकही निळी वस्तू मिळाली नव्हती. आज मिळत होती तर ती नासक्या अंड्याच्या वासाची होती.

तेव्हा खालच्या पट्टीत दम नाही हे वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि बांधावर हेडमास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, छत्रीखालून नवऱ्याकडे पाहिलं. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. शाळेत कॉपी पकडायच्या आधी ते असाच चष्मा पुसत.

मग त्यांना तो तवंग दिसला.

चराच्या संथ पाण्यावर, बगळ्याच्या पोटऱ्यांच्या आसपास, एक पातळ साय होती. उन्हात तिच्यात जांभळे, हिरवे, सोनेरी रंग फिरत होते. पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर असतात तसे. हेडमास्तर वाकले. वहिनी वाकल्या. दोघं एकदमच सरळ झाले.

"हे काय आहे गं पाण्यावर?" हेडमास्तरांनी इतक्या सहज विचारलं की ते सहज नव्हतं हे झाडावरच्या पाखरालाही कळलं असतं.

"लोखंड," लिटमस म्हणाली. "मातीतलं लोखंड पाण्यात विरघळून वर येतं आणि हवा लागली की त्याची साय धरते."

"लोखंड तरंगतं?"

तिने काडी घेतली आणि साय टोचली. ती काचेसारखी तडकली, आणि तिचे तुकडे वेगवेगळे होऊन आपापल्या वाटेने गेले. "तेल असतं तर पुन्हा जुळलं असतं," ती म्हणाली. "हे जुळत नाही."

"तेलाचं कोणी काही म्हटलं का?" वहिनी म्हणाल्या.

खरंच, कोणी म्हटलं नव्हतं. आता मात्र तो शब्द बांधावर सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला. वहिनींच्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. मंडळी घराकडे वळली तेव्हा त्या दहा पावलं मागे राहिल्या, आणि घरी पोचल्या तेव्हा बाटली रिकामी नव्हती.

मोजणीदार अकराला आला. शिष्ट, काटकुळा माणूस. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, मोजणीची साखळी दाराआत आणली आणि आधी भांडण उरकून घ्या, मी तोवर चहा घेतो, असं सुचवलं. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत बसली होती, पायावर शाल. तिच्या उजवीकडे हेडमास्तर आणि वहिनी, डावीकडे जमिनीवर बगळा. बगळ्याची बायको, घरात तिला धाकटी म्हणत, चहाचे कप ठेवून दाराला टेकून उभी राहिली. लिटमसने तिन्ही तुकड्यांचा कागद मधे मांडला.

हेडमास्तरांनी प्रास्ताविक केलं. आप्पांची शिस्त, कुटुंबाची एकी, आणि ज्ञानी माणसांनी आपलं ज्ञान कोणाच्या बाजूने वापरायचं हा प्रश्न. शेवटच्या मुद्द्यावर ते लिटमसकडे बघत होते. मग म्हणाले की वाटे करणाऱ्या व्यक्तीला खालच्या जमिनीबद्दल एवढं बोलावंसं का वाटलं, हे त्यांना कळलेलं नाही. वरच्या पट्टीबद्दल तिने चार वाक्यंही काढली नाहीत. वहिनींनी जोड दिली की ज्या बाईला एक खालचा तुकडा उरणार हे आधीच माहीत आहे, तिने तो इतका वाईट आहे असं सांगायचं, म्हणजे दुसरा तुकडाही कोणी घेऊ नये, म्हणजे दोन्ही तिलाच. आकडेमोड चांगली होती. शिक्षकाच्या बायकोला शोभणारी.

लिटमस म्हणाली की ती सकाळपासून फक्त खरं बोलते आहे.

"तेच तर," वहिनी म्हणाल्या. "आजपर्यंत या घरात कोणी असं बोललं नाही."

मोजणीदाराने चहात बिस्किट बुडवलं. धाकटी दारातून पुढे आली. ती या घरात एकोणतीस वर्षं होती आणि मोठ्यांसमोर बसून बोललेली कोणाला आठवत नव्हती; आज ती नवऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने फार काही सांगितलं नाही. ताईंनी समजावलंय, पहिला हात आपला आहे, वरची म्हणा, एवढंच. आवाज हलका होता, पण तिने नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता आणि त्या हाताची बोटं पांढरी पडली होती. विहिरीजवळची दोन गुंठे रेताड जागा तिने आधीच मनात भाजीला लावून टाकली होती, हे लिटमसला ठाऊक होतं. काल वाफे कुठे घालावेत म्हणून तिनेच लिटमसला विचारलं होतं.

हेडमास्तर पटकन म्हणाले की ताईचं सगळं ऐकायला हवं असं नाही, बगळ्याने आपल्या मनाला विचारावं. हेडमास्तरांना बगळ्याच्या मनाची काळजी ही अगदी नवी गोष्ट होती. त्याने वरची घ्यावी असं त्यांनाही हवं होतं. म्हणजे दोन्ही खालच्या मोकळ्या राहिल्या असत्या आणि निवड त्यांची. पण नियमाप्रमाणे जे हवं ते मागायचं नसतं, म्हणून ते त्याला वरच्याबद्दल सावध करत होते. वरची रेताड आहे, ते म्हणाले. उन्हाळ्यात तापते. घराचं छप्पर गळतं.

बगळा कोणाकडेच बघत नव्हता. तो कागदावरच्या खालच्या दोन चौकोनांकडे बघत होता. लिटमसने ते राखाडी पेन्सिलीने भरले होते.

"ताई," तो म्हणाला. "एक सांग. तीस वर्षं मी तिथे काय केलं?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं, आणि ते चांगलं होतं. तू ती जमीन मरू दिली नाहीस. दर वर्षी फळी घातलीस, पाणी धरलंस, शेजाऱ्यांसारखा लोभाने खोल चर मारला नाहीस. एवढ्या आंबट मातीतून जे कोणी काढलं नसतं ते तू काढलंस. हे उत्तर लिटमसला सुचलं, पण संध्याकाळी. त्या वेळी ती सकाळपासून खोटी ठरवली गेल्याने चिडलेली होती, आणि हातात आकडे होते.

"चुना टाकलास," ती म्हणाली. "आणि जमिनीने तो खाल्ला."

हेडमास्तर हसले. फार नाही, नाकातून.

"आप्पा म्हणायचे सोनं आहे," बगळा म्हणाला. "मी दहावीनंतर बोटीवर नोकरीला निघालो होतो. पत्र आलं होतं. आप्पा मला खाली घेऊन गेले. मूठभर काळी माती हातावर ठेवली आणि म्हणाले, सोनं आहे बाळ, हे तुझं. दादाला नाही दिलं, ताईला नाही दिलं. मला."

मोजणीदाराने बिस्किट कपाबाहेर धरलं. आणि लिटमसला वाटलं की आता हीच वेळ आहे, आता एक शेवटची कड कापली की हा मोकळा होईल, पाण्यातून बाहेर येईल.

"बगळ्या," ती म्हणाली, "आप्पा ज्या वस्तूला चांगलं म्हणायचे, ती त्यांना कधी हवी असायची का?"

ती म्हणाली ते खरं होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. हेडमास्तरांना माहीत होतं, म्हणून तर ते वयाच्या सतराव्या वर्षी शहरात पळाले होते. आईला माहीत होतं. धाकटीला लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात कळलं होतं. एकट्या बगळ्याला ते माहीत नव्हतं; किंवा माहीत असून तो त्यावर तीस वर्षं पाणी धरून होता.

त्याने बायकोचा हात गुडघ्यावरून उचलला आणि तिच्याच मांडीवर ठेवला. अगदी सांभाळून, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

"खालची," तो म्हणाला. "आतली. जिथे त्यांनी मला माती दिली ती."

लिटमस काही तरी म्हणाली. पुन्हा विचार कर, असं काहीसं. तो तिच्याकडे बघून म्हणाला की त्याचा विचार झालाय, आणि ताईने इतक्या वर्षांनी कळवल्याबद्दल आभारी आहे. तो तिला कधी 'आभारी आहे' असं म्हणाला नव्हता.

"खालची तोंडाकडची," हेडमास्तर म्हणाले. इतक्या घाईने, की 'तोंडाकडची' मधला अर्धा भाग गिळला गेला. वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली.

मग सगळे कागदाकडे बघू लागले. वरचा चौकोन उरला होता; विहीर, रस्ता आणि घर असलेला. वाटे करणाऱ्याने शेवटी उरेल ते घ्यायचं. उरलं होतं ते हे.

प्रथम हसू आलं ते वहिनींना.

"वा, बाई," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा खड्डा खणलास तो काय उगाच."

लिटमसने लगेच सांगितलं की तिला वरची नको, ती बगळ्याला देते आहे, आत्ताच्या आत्ता लिहून देते. मोजणीदाराने सांगितलं की ते नंतर बक्षीसपत्राने करता येईल, आज फक्त मोजणी. बगळा म्हणाला बक्षीस नको. त्याने हे आवाज न चढवता सांगितलं. चढवला असता तर बरं झालं असतं.

हेडमास्तर बहिणीकडे पहिल्यांदाच आदराने बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर शंका उगवत होती: ही बाई सकाळी खरं बोलली होती की काय? पण मग तेल? तेलाचं काय? त्यांनी शंका झटकली. इतकं सरळ कोणी नसतं.

शेवटी आईने शाल सारखी केली. सकाळपासून ती बोलली नव्हती. तिने लिटमसला जवळ बोलावलं, तिची हनुवटी धरली, आणि सगळ्या मुलांमध्ये आजवर जे कोणालाच दिलं नव्हतं ते तिला दिलं.

"आप्पांवर गेलीस गं," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, अभिमानाचं. "मला वाटायचं हिच्यात काहीच उतरलं नाही."

दुपारी खुंट्या ठोकल्या. खालच्या पट्टीच्या मधोमध साखळी गेली तेव्हा तिचा अर्धा भाग पाण्यात बुडाला, आणि मोजणीदाराने पायजमा वर करत विचारलं की ही जमीन आहे की तळं. हेडमास्तर म्हणाले, तीच तर तपासायची आहे. खुंट्या ठोकून होताच त्यांनी कोट काढला, दोन मजूर लावले आणि आपल्या हद्दीतल्या चराच्या तोंडाशी जाऊन आप्पांची फळी उपटायला लावली.

लिटमस धावत गेली. तिने पुन्हा सांगितलं. गंधक, हवा, बॅटरी, शेजाऱ्यांची टकली जमीन. खुंट्या माणसांना कळतात, पाण्याला नाही, तुझी फळी निघाली की बगळ्याचंही पाणी जाईल, असं सांगितलं. हेडमास्तरांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मजुरांना म्हणाले, अजून जोर लावा. ती जितकं विनवत होती तितकी त्यांची खात्री वाढत होती.

बगळा आपल्या बांधावर उभा होता. त्याला फळीचं महत्त्व तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तीस वेळा त्याने ती स्वतः ठोकली होती. त्याने एक शब्द काढला असता तर थोरला कदाचित थांबला असता. पण तो शब्द काढायचा म्हणजे ताई बरोबर आहे असं म्हणायचं होतं.

फळी निघाली. आधी एक घोट पाणी गेलं, मग चर जागा झाल्यासारखा वाहायला लागला. वरची साय तडकली आणि रंगीत तुकडे एकापाठोपाठ एक नाल्याकडे निघाले. वहिनींनी दुसरी बाटली आणली होती.

चारच्या सुमारास लिटमस घराच्या पायरीवर बसून हातपाय धूत होती. नखांतली निळी माती निघत नव्हती. धाकटी बाहेर आली आणि तिच्या शेजारी किल्ली ठेवली. घराची किल्ली, गंजलेली, दोऱ्यात ओवलेली.

"हे काय?"

"घर वरच्या पट्टीत येतं ना," धाकटी म्हणाली. "आम्ही कधी निघायचं ते सांगा म्हणजे भांडी बांधायला लागते."

लिटमस म्हणाली की असलं काही बोलायचं नाही. घर त्यांचंच आहे, विहीर त्यांची, वाफेही त्यांचे, कागदावर काय असायचं ते असू दे.

"मला पटतंय हो ताई. पण त्यांना सांगायला हवं."

"तो माझ्याशी बोलत नाही."

"माझ्याशीही नाही," धाकटी म्हणाली. ती पायरीवर बसली, पण एक पायरी खाली. "तुम्ही सकाळी एवढं सगळं खरं सांगितलंत. शेवटचं तेवढं नसतं सांगितलं तर चाललं असतं. मी एकोणतीस वर्षं नाही सांगितलं."

किल्ली दोघींच्या मधे पडून राहिली. खालून मजुरांचे आवाज येत होते आणि पाण्याचा, सारखा. मग वारा फिरला. इतकी वर्षं जो वास खालच्या पट्टीच्या बांधाबाहेर कधी आला नव्हता तो उतार चढून अंगणात आला, पायरीवर आला आणि दोघींना ओलांडून घरात गेला.

आतून आईचा आवाज आला. "अंडं नासलंय कुठलं तरी. बघा गं जरा."

लिटमसने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने पदर खोचला, उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन टोपलीतली अंडी एकेक करून पाण्यात सोडून बघू लागली.